‘हो’ म्हणजे नक्की काय?

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन बघत होतो, तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला प्रेसवर ओडिशाचा एक पोरगा नवीन आला होता. सुपरवायझर आपला बार्शीकडचा, मनाने चांगला, जिभेने तिखट. डाय बदलून झाल्यावर त्याने पोराला सगळं समजावलं : दर शंभर पीसनंतर गेज लावायचा, गेज अडकला की मशीन थांबवायचं आणि मला हाक मारायची. शेवटी विचारलं, “समझा?” पोरगा म्हणाला, “जी.” सकाळी मी आलो तेव्हा बिनमध्ये अकराशे पीस होते आणि त्यातले सातशेच्या वर भंगारात जाणार होते.

सुपरवायझर चिडून म्हणाला, “साहेब, या लोकांना काही कळतच नाही. नुसतं जी, जी.” मीही मान हलवली. दुपारी पोराला चहा पाजून शांतपणे विचारलं, तेव्हा कळलं की त्याला सगळं समजलं होतं. चारशेव्या पीसला गेज अडकला, हेही त्याने पाहिलं होतं. मग थांबवलं का नाही? कारण आधीच्या ठेकेदाराकडे मशीन थांबवलं की अर्ध्या दिवसाची मजुरी कापत. मशीन चालू ठेवणं म्हणजेच नोकरी टिकवणं, हे तो तिथे शिकून आला होता. त्याच्या ‘जी’चा अर्थ एवढाच होता : तुमचं बोलणं मी आदराने ऐकलं.

आम्ही कारण त्याच्या प्रांतात शोधत होतो. ते सापडलं त्याच्या आधीच्या पगारपत्रकात.

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात आज एका छताखाली जर्मन, कोरियन, जपानी साहेब, तमिळ डिझायनर, मराठवाड्यातून आलेला ट्रेनी आणि बिहार-झारखंडचा कंत्राटी कामगार असतो. मोठ्या रुग्णालयात केरळच्या परिचारिका, विदर्भातले वॉर्डबॉय आणि पुण्याचे डॉक्टर असतात. हिंजवडीतल्या एखाद्या टीमची सकाळची मीटिंग शिकागोच्या रात्री होते. अशा ठिकाणी काम कसं सुधारायचं, हे मला तरुण व्यवस्थापक विचारतात, तेव्हा मी एकच गोष्ट सांगतो : आपल्या संस्थेत न बोलता किती गोष्टी गृहीत धरल्या जातात ते शोधा आणि त्या बोलत्या करा. बाकीचे उपाय याच एका कामाच्या फांद्या आहेत.

डबेवाल्यांकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला हमखास येतो. त्यातली एक गोष्ट मात्र वक्ते सहसा सांगत नाहीत. बहुतेक डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर अशा शेजारशेजारच्या तालुक्यांतले. बोली एक, वारी एक, गावच्या जत्रेची सुट्टीही एकदमच. कोण कोणाचा पाहुणा लागतो हे सगळ्यांना ठाऊक. अर्धी शिस्त तिथे गावाकडूनच तयार होऊन येते. चुकलेल्याला समज द्यायला मेमो काढावा लागत नाही, घरी निरोप गेला की पुरे.

तुमच्या संस्थेत चाळीस जिल्ह्यांचे आणि सहा देशांचे लोक असतील, तर ही गावकी तुम्हाला उसनी मिळणार नाही. पण डब्याच्या झाकणावरची रंग, अंक आणि अक्षरांची खूण मात्र जरूर घ्यावी. ती वाचायला फारसं शिक्षण लागत नाही आणि एका गावचं असावंही लागत नाही. समजुतीवर चालणारं काम खुणेवर आणणं, हे मिश्र संस्थेतलं निम्मं व्यवस्थापन आहे.

तेनेरिफचा धडा

एकच भाषा ठरवली की प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. त्यांनी २७ मार्च १९७७ ची घटना आठवावी. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुकं होतं. डच कंपनी केएलएम आणि अमेरिकेची पॅन ॲम यांची दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर होती आणि नियंत्रण कक्षातला माणूस स्पॅनिश. संभाषण मात्र सगळं इंग्रजीत. डच वैमानिकाने सांगितलेल्या वाक्याचा अर्थ ‘उड्डाणासाठी जागेवर उभे आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण सुरू केलं’ असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ धरला आणि म्हणाला, ‘ओके’. त्यापुढचं ‘थांबा, मी सांगतो’ हे त्याचं वाक्य रेडिओच्या कर्कश शिट्टीत हरवलं, कारण त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिकही बोलत होता. डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, असं त्याने विचारलंही. मुख्य वैमानिक कंपनीतला अतिशय ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे शंका उडवून लावली आणि इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. ५८३ माणसं मेली.

एक निसटता ‘ओके’ आणि ज्येष्ठापुढे गप्प बसलेला एक कनिष्ठ. आपल्या कचेऱ्यांत रोज घडणाऱ्या या दोनच गोष्टी. विमान व्यवसायाने त्यातून जे घेतलं, ते आपणही घेण्यासारखं आहे. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला. नुसतं ओके न म्हणता मिळालेली सूचना परत म्हणून दाखवण्यावर भर आला. आणि कनिष्ठाने शंका कशी मांडायची, ज्येष्ठाने ती कशी ऐकायची, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. कोणीही वैमानिकांना ‘डच स्वभाव बदला’ असं सांगितलं नाही. शब्द बदलले, पद्धत बदलली.

पहिलं काम : आपला शब्दकोश तपासा

आपल्या संस्थेतले निसरडे शब्द आधी गोळा करा. मराठीत ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाही. ‘होऊन जाईल’ म्हणजे अजून हात लावलेला नाही. ‘जरा’ म्हणजे पाच मिनिटंही आणि आठवडाही. जपानी माणूस ‘हाय’ म्हणतो, तेव्हा अनेकदा त्याला फक्त ‘ऐकतोय’ एवढंच सांगायचं असतं. आपली डुलणारी मान पाहून जर्मन साहेब गोंधळतो. तो भर मीटिंगमध्ये ‘हे चूक आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ड्रॉइंग असतं, आणि आपल्या माणसाला वाटतं की आपली चार लोकांत अब्रू गेली.

यावर भाषणं देण्यापेक्षा एक सोपा नियम करा. कोणतंही काम सांगताना तीन गोष्टी नाव घेऊन बोलायच्या : कोण करणार, कधीपर्यंत करणार आणि काय झालं की थांबून विचारणार. ‘लवकरात लवकर’ ऐवजी ‘गुरुवारी दुपारी ३ पर्यंत’. ‘काही अडलं तर सांगा’ ऐवजी ‘तापमान १८० च्या वर गेलं की मला फोन’.

मोजमापाची एककंही यातच धरा. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं, ते अशाच गृहीतामुळे. यान बांधणाऱ्या कंपनीच्या प्रणालीतून आकडे पौंडांच्या हिशेबात येत होते आणि नासाकडची मंडळी ते न्यूटनचे समजत होती. दोन्हीकडे हुशार माणसं, आणि दोन्हीकडे इंग्रजीच. आपल्याकडे इंच-मिलिमीटर, लाख-मिलियन आणि तारखेत आधी महिना की आधी दिवस, यावरून रोज छोटे मंगळ बुडतात. एक पानाची यादी करा आणि प्रत्येक विभागात लावा.

दुसरं काम : ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा

या प्रश्नाला जगातल्या सगळ्या भाषांत एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘आता तू मला दाखव’ म्हणा. दाखवता येत नसेल तिथे ‘मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. मात्र सूर परीक्षेचा नको. ‘माझ्या सांगण्यात काही राहिलंय का ते बघू’ असं म्हटलं की समोरच्याचा कमीपणा निघून जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडी सूचना परत म्हणून घेतात ती हीच पद्धत.

चांगला पीस आणि वाईट पीस शेजारी शेजारी टांगून ठेवा. चार पानी सूचनापत्रकापेक्षा तो जोडा जास्त बोलतो. सुरक्षेच्या पाट्या मात्र कामगारांच्या भाषेतच हव्यात, तिथे काटकसर नको. शिफ्ट बदलताना तोंडी ‘सब ठीक है’वर न भागवता लॉगबुकात तीन ओळी लिहाव्यात : काय बिघडलं, काय अर्धवट आहे, पुढच्याने आधी काय बघायचं.

प्रत्येक लाइनवर एक पोरगा असतो, ज्याला मराठी, हिंदी आणि गावची भाषा तिन्ही येतात. हळूहळू सगळे निरोप त्याच्यामार्फत जातात. तो काय गाळतो आणि काय घालतो, हे कोणालाच कळत नाही. दुभाष्याचं हे काम त्याच्या खऱ्या कामात मोजलंही जात नाही. त्याला त्याचा भत्ता द्या, आणि सुपरवायझरला त्याच्यावर पूर्ण अवलंबून राहू देऊ नका. नव्या कामगारांना शॉपफ्लोअरची दोनशे मराठी वाक्यं आणि सुपरवायझरला त्यांच्या भाषेतली पन्नास, असा व्यवहार मी करून पाहिला आहे. ‘थांब’, ‘हात काढ’, ‘जेवलास का’ हे माणसाच्या भाषेत म्हणता आलं की बाकीचं बरंच सोपं होतं. मीटिंगमध्ये दोघे-तिघे आपापल्या भाषेत शिरले तर शिरू द्यावं, कारण अवघड विचार माणूस आईच्या भाषेतच करतो. मात्र जो निर्णय होईल तो उठण्यापूर्वी सगळ्यांच्या समाईक भाषेत मोठ्याने सांगितला पाहिजे. हा नियम कोरियन साहेबांना जेवढा लागू, तेवढाच आपल्यालाही.

तिसरं काम : वाईट बातमीचा रस्ता मोकळा करा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना भांडणं, दांड्या आणि खराब गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘नुम्मी’ या नावाने तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी जुनेच होते आणि युनियनही तीच. काहींना तुकड्यातुकड्यांनी जपानच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे त्यांना लाइनवरची दोरी दिसली. अडचण आली की कामगाराने दोरी ओढायची, लगेच टीम लीडर धावत येणार आणि प्रश्न तेवढ्यात सुटला नाही तर लाइन थांबणार. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं हे मोठं पाप होतं. नव्या कारखान्यात थोड्याच अवधीत गाड्यांचा दर्जा जपानी गाड्यांच्या तोडीचा झाला आणि दांड्या पार घटल्या.

दोरी तर कोणीही लावू शकतो. खरी गोष्ट होती ती दोरी ओढल्यावर येणाऱ्याच्या चेहऱ्याची. तो ‘कोणी थांबवली?’ विचारत येतो की ‘काय झालं?’ विचारत येतो, यावर सगळं ठरतं. नुम्मीतल्या व्यवस्थापकांनी नंतर जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत हीच पद्धत नेली, तेव्हा काही ठिकाणी ती रुजलीच नाही, कारण तिथे दोरी आली, चेहरा जुनाच राहिला.

मिश्र संस्थेत हे अधिक अवघड असतं. काहींना वडीलधाऱ्यांपुढे ‘नाही’ म्हणणं उद्धटपणा वाटतो, काहींना न म्हणणं अप्रामाणिकपणा वाटतो. म्हणून बोलण्याचे एकापेक्षा जास्त रस्ते ठेवा. मीटिंगमध्ये ‘कोणाला काही म्हणायचंय?’ विचारलं की तेच तिघे बोलतात. त्याऐवजी प्रत्येकाने दोन मिनिटांत एक धोका चिठ्ठीवर लिहायचा, मग चर्चा. सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचं आणि साहेबाने शेवटी. साहेबाने मत सांगून टाकलं की उरलेली मीटिंग ही आरती असते.

एक इशाराही देतो. हे सुरू केलं की नोंदवलेल्या चुका सुरुवातीला वाढतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना असंच दिसलं. चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या, कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती. त्यामुळे पहिल्या तिमाहीचा तक्ता पाहून घाबरू नका. तो वाढला नाही, तर मात्र काळजी करा.

चौथं काम : कॅलेंडर आणि ताट

विविधतेच्या नावाखाली अनेक संस्था वर्षातून एक ‘कल्चरल डे’ करतात. पोशाख घालतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी छठच्या सुट्टीचा अर्ज फेटाळतात. माणसाला आपली किंमत कॅलेंडर आणि ताट यांतून कळते.

दिवाळीनंतर छठ येतो, मार्चच्या सुमारास होळी, जूनच्या मध्याला ओडिशातला रज, शरदात दुर्गापूजा, भाद्रपदात आपले गणपती आणि दरवर्षी अलीकडे सरकणारी ईद. या दिवसांत माणसं कमी पडणार हे दरवर्षी ठाऊक असतं, तरी दरवर्षी धावपळ होते. यावर साधा उपाय आहे. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे सुट्टीला हो की नाही, हे कामगाराला किमान ७० दिवस आधी कळलं पाहिजे. पुणे-दानापूर गाडीचं तिकीट मिळालेला माणूस तारखेला परत येतो. न मिळालेला जनरल डब्यात बसून जातो आणि कधी येईल ते सांगता येत नाही. गैरहजेरीवर भाषण देण्यापूर्वी एचआरने आपली तारीख सुधारावी. अदलाबदलही होऊ शकते : छठला मराठी पोरं जास्त पाळ्या करतील, गणपतीत बिहारी पोरं. हा व्यवहार दोन गटांना जेवढा जवळ आणतो, तेवढं कोणतंही शिबिर आणत नाही.

ताटाचंही तेच. कँटीनमध्ये भात दुसऱ्यांदा मागितला म्हणून कुरकुर करणारा वाढपी तुमच्या सगळ्या धोरणांवर पाणी ओततो. कँटीनच्या मावशींना एकदा मीटिंगला बोलवा. कोण कोणाबरोबर जेवतो, कोण एकटा जेवतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पाचवं काम : मोजण्याची पट्टी एकच ठेवा

मूल्यमापनाच्या वेळी ही विविधता सर्वांत जास्त फसवते. काही माणसं आपल्या कामाबद्दल ठसठशीत बोलतात. काहींना ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो, ती ‘आम्ही केलं’ म्हणतात. फॉर्म भरताना पहिल्याला चार गुण, दुसऱ्याला तीन. अस्खलित इंग्रजी आणि नेतृत्वगुण यांची गल्लत तर आपण सर्रास करतो. म्हणून बढतीच्या मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. ‘तुमची बलस्थानं सांगा’ न म्हणता ‘मागच्या सहा महिन्यांत बिघडलेलं एक काम तुम्ही कसं सावरलं?’ विचारा. गुण प्रत्येकाने आधी स्वतंत्र लिहावेत, चर्चा नंतर. आणि वर्षातून एकदा नुसती यादी काढा : बढती मिळालेले कोणत्या गावचे, कोणाच्या ओळखीचे, कोणत्या कॉलेजचे? यादी एकसारखी दिसली तर पट्टी वाकडी आहे.

इथे संस्कृतीच्या तक्त्यांबद्दलही सांगतो. डच अभ्यासक खेर्त होफस्टेडे यांनी आयबीएमच्या जगभरच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून देशादेशांची तुलना केली. वरिष्ठांशी राखलेलं अंतर, अनिश्चिततेची भीती, अशा कसोट्यांवर. ती वाचण्यासारखी आहे, पण ती सरासरी आहे. सरासरीने नदीची खोली कळते, पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. समोरचा माणूस जपानी आहे यापेक्षा तो आधी कुठे, कोणाच्या हाताखाली राबला, हे विचारलंत तर जास्त उपयोगाचं उत्तर मिळेल. शिवाय ‘परका’ फक्त परदेशातून येत नाही. पुण्यात आलेल्या हिंगोलीच्या पोराच्या बोलण्याला हसणारेही आपणच असतो.

सोमवारी सकाळी काय कराल?

एवढं सगळं एकदम होणार नाही, करूही नये. संस्था मोठी असेल तर एक लाइन, एक वॉर्ड, एक टीम निवडा. पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांच्या आत रुजू झालेल्यांना बोलवा आणि एकच प्रश्न विचारा : “इथे कोणी न सांगता, चुकून काय काय शिकलात?” त्यांची उत्तरं म्हणजे तुमच्या संस्थेचे न लिहिलेले नियम. दुसऱ्या आठवड्यात ते एका पानावर आणा. निम्मे नियम वाचून तुम्हालाच लाज वाटेल, ते रद्द करा. तिसऱ्या आठवड्यापासून दाखवून घेणं आणि लॉगबुकच्या तीन ओळी. चौथ्या आठवड्यात सुट्ट्यांचं कॅलेंडर.

मोजायचं तर दोनच आकडे ठेवा. बिघाड दिसल्यापासून वर कळेपर्यंत किती वेळ गेला, आणि नवीन माणसांपैकी नव्वद दिवसांच्या आत किती सोडून गेले. आणि खर्च करायचा तर मधल्या फळीवर करा. धोरण मुंबईत ठरो वा म्युनिकमध्ये, कामगाराला ते सुपरवायझरच्या तोंडूनच कळतं. त्याला वरून आकड्यांचा दट्ट्या आणि खालून सांभाळून घेण्याची अपेक्षा असेल, तर तो आकडाच निवडेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

त्या प्रेसवरच्या पोराचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मशीन थांबवल्याबद्दल कोणाचाही पैसा कापला जाणार नाही, हे आम्ही लिहून लावलं, ओडियातही. महिनाभर काही झालं नाही. मग एका रात्री त्याने मशीन थांबवलं. लाइन बावीस मिनिटं उभी. बार्शीचा सुपरवायझर धावत आला, गेज हातात घेतला, पाहिला. गेजला चिकट ऑइल लागलं होतं. पीस अगदी बरोबर होते. थांबवायचं काहीच कारण नव्हतं. आजूबाजूच्या मशीनवरची सगळी पोरं हातातलं काम सोडून सुपरवायझरच्या तोंडाकडे बघत राहिली. मीही खांबाआडून बघत होतो.

त्याने फडक्याने गेज पुसला, पोराच्या हातात दिला आणि म्हणाला, “अच्छा किया. पुढच्या वेळी पण असंच बोलव.”

त्या आठवड्यात लाइन आणखी पाच वेळा थांबली. त्यातल्या दोनदा कारण खरं होतं.